जर्मनीत कुठे कोणती बिअर? प्रांतवार आवडी, त्यांची कारणं आणि ओतण्याच्या पद्धती

फेसाळ

जर्मन बिअर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो म्युनिकचा लिटरभराचा मग. हा मग बव्हेरियाबाहेर रोजच्या वापरात जवळपास नसतो. हांबुर्ग, कोलोन, ड्युसेलडॉर्फ आणि म्युनिक या चार शहरांत नुसतं 'एक बिअर द्या' म्हटलंत, तर हांबुर्गला ०.३ लिटरची कडवट पिल्स येईल, कोलोनला ०.२ लिटरच्या सरळसोट नळकांडी ग्लासात फिकट सोनेरी क्योल्श, ड्युसेलडॉर्फला ०.२५ लिटरची तांबूस आल्टबिअर आणि म्युनिकला अर्ध्या लिटरची फिकट, मवाळ हेलेस. गंमत म्हणजे कोलोन आणि ड्युसेलडॉर्फमध्ये जेमतेम ४० किलोमीटरचं अंतर आहे.

देशात दीड हजाराच्या आसपास ब्रुअरी आहेत आणि त्यांतल्या सहाशेच्या आसपास एकट्या बव्हेरियात. उत्तरेत मोठे कारखाने थोडे, दक्षिणेत छोटे पुष्कळ. त्यामुळे उत्तरेत शेकडो किलोमीटर एकच चव चालते, आणि उत्तर बव्हेरियातल्या फ्रांकनमध्ये गाव बदललं की बिअर बदलते.

पुढच्या चर्चेत गोंधळ नको म्हणून आधी मोजमाप. जर्मन लेबलवर 'श्टामव्युर्झं' असा आकडा असतो. आंबवण्यापूर्वी माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) गोड काढ्यात (यापुढे त्याला वर्ट म्हणू) विरघळलेला अर्क किती, ते हा आकडा डिग्री प्लाटोत सांगतो. ७ ते ११ च्या आत ती शांकबिअर, ११ ते १६ च्या आत फोलबिअर, १६ पासून बॉक आणि १८ पासून डोपेलबॉक. बिअरवरचा करही याच आकड्यावर बसतो, अल्कोहोलवर नाही. लेबलवरचं अल्कोहोल बघून बिअर 'जड' की 'हलकी' ठरवू नका. १३.५ प्लाटोची बिअर कमी आंबवली तर गोडसर राहते आणि अल्कोहोल पाचच्या आसपास थांबतं.

धाग्याचा प्रश्न असा की या आवडी अशा का विभागल्या गेल्या? ज्यांना ज्या भागाची माहिती आहे त्यांनी नेमकं लिहावं, म्हणजे तिथे काय पितात, कशात, कोणत्या तापमानाला, आणि कशाने बिघडतं.

उत्तरवारा

उत्तरेपासून सुरुवात करतो. किनाऱ्यालगत, म्हणजे फ्रीसलांड, ब्रेमेन, हांबुर्ग, श्लेस्विग-होल्श्टाइन या पट्ट्यात पिल्सचं राज्य आहे. पण सगळी पिल्स एक नव्हे. येफर गावची पिल्स अगदी कोरडी आणि कडू, कडवटपणा ४० एककांच्या (बिअरचा कडवटपणा मोजायचं एकक, आयबीयू) आसपास. ब्रेमेनची बेक्स तिच्या मानाने सौम्य. फ्लेन्सबुर्गर अजूनही तारेच्या खटक्याच्या बाटलीत मिळते. झाऊरलांड आणि झीगरलांड भागांतल्या तीन मोठ्या ब्रुअरी, वारश्टाइनर, फेल्टिन्स आणि क्रोमबाखर, आणखी मवाळ पिल्स करतात आणि त्याच देशभर जातात.

पिल्स ओतण्याची पद्धत: ग्लास थंड पाण्याने विसळून ओलाच ठेवायचा. बिअर ६ ते ८ अंशांवर. ग्लास तिरपा धरून नळ एका दमात पूर्ण उघडायचा (अर्धवट उघडला की नुसता फेस येतो), निम्म्याच्या वर भरायचा आणि मिनिटभर थांबायचं. फेस बसला की दुसऱ्यांदा सरळ ग्लासात ओतायचं, पुन्हा थांबायचं, आणि शेवटी थोडीशी ओतून फेस कडेच्या वर उचलायचा. सगळं मिळून तीन मिनिटं. 'चांगल्या पिल्सला सात मिनिटं लागतात' असं जर्मनीतही सांगितलं जातं, त्यावर विश्वास ठेवू नका. सात मिनिटांत बिअर कोमट होते आणि वायू उडून जातो.

फेस टिकत नसेल तर बिअरला दोष देण्याआधी ग्लास बघा. तेलकट हात, ओठांवरचं मलम, भांडी घासायच्या साबणाचा राहिलेला पापुद्रा यांतलं काहीही फेस मारतं. परीक्षा सोपी आहे. ग्लास पाण्याने भरून ओता. आतल्या बाजूला पाण्याचा सलग पडदा राहिला तर ग्लास स्वच्छ, थेंब थेंब तुटले तर चिकट.

चौकस

छान धागा. एक शंका: 'त्या गावचं पाणीच तसं' हे कारण प्रत्येक बिअरबद्दल सांगतात. आजच्या ब्रुअरी पाणी हवं तसं बदलून घेतात. मग पाण्याचा मुद्दा जाहिरातीपुरता उरला ना?

माल्टमंथन

चौकस, आजच्यापुरतं तुमचं बरोबर आहे. पण आवड ठरली तेव्हा पाणी बदलता येत नव्हतं, किंवा कसं बदलायचं ते कळत नव्हतं. हा भाग नीट लिहितो, कारण निम्मा नकाशा इथे उलगडतो.

पाण्याची नुसती कठीणता बघून काही कळत नाही. बघायची ती उर्वरित क्षारता, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा परिणाम वजा जाऊन उरलेली. पाउल कोल्बाख यांनी ती १९५३ साली मांडली. सूत्र असं: कार्बोनेट कठीणतेतून कॅल्शियमची कठीणता अधिक मॅग्नेशियमची निम्मी कठीणता, या बेरजेला ३.५ ने भागून येणारा आकडा वजा करा. सगळे आकडे जर्मन अंशांत.

म्युनिकचं जुनं पाणी घ्या. कार्बोनेट कठीणता १४.२, कॅल्शियम १०.६, मॅग्नेशियम ४.२. म्हणजे १४.२ वजा (१०.६ + २.१) भागिले ३.५. उत्तर १०.६.
आता डोर्टमुंड: कार्बोनेट १६.८, कॅल्शियम ३६.७, मॅग्नेशियम ४.६. उत्तर ५.७.
पिल्सेनच्या पाण्याचं (ते गाव आज चेकियात, पण पिल्सचं मूळ तिथलं) उत्तर ०.९.

एकूण कठीणता बघा: म्युनिक १४.८, डोर्टमुंड ४१.३. डोर्टमुंडचं पाणी म्युनिकच्या जवळपास तिप्पट कठीण, तरी क्षारता निम्मी, कारण तिथे कॅल्शियम भरपूर आहे आणि माल्टमधल्या फॉस्फेटशी त्याचा संयोग होऊन आम्लता मोकळी होते.

याचा परिणाम मॅशवर, म्हणजे दळलेलं माल्ट गरम पाण्यात कालवतात त्या टप्प्यावर, होतो. उर्वरित क्षारता १० अंश असली की पीएच साधारण ०.३ ने वर चढतो. निव्वळ फिकट माल्टचा मॅश शुद्ध पाण्यात ५.७ ते ५.८ ला बसतो आणि आपल्याला हवा असतो ५.४ ते ५.६. म्युनिकच्या पाण्यात तो सहाच्या वर जातो. मग स्टार्चची साखर सावकाश होते, फोलपटांतून तुरटपणा उतरतो, रंग गढूळ-तांबूस येतो आणि हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या फुलांचा) कडवटपणा घशात ओरखडतो. गडद भाजलेलं माल्ट स्वतःच आम्लधर्मी असतं, ते हा पीएच खाली ओढतं. म्हणून म्युनिकमध्ये शतकानुशतकं डुंकेल, म्हणजे गडद तपकिरी, ब्रेडच्या सालीची चव असलेली आणि कमी हॉप्सची बिअर चांगली व्हायची. फिकट हेलेस तिथे श्पाटेन ब्रुअरीने १८९४ साली काढली. पिल्सेनमधली पहिली फिकट लागर (थंडीत, तळाशी बसणाऱ्या यीस्टने आंबवलेली बिअर) १८४२ ची. मधली पन्नासेक वर्षं म्युनिक गडदच प्यायलं. आणि हेलेस आली तीही कमी हॉप्सचीच. दक्षिणेच्या जिभेला गोडसर माल्टची सवय लागली ती या मार्गाने.

घरी करणाऱ्यांसाठी उपाय: पाणी उकळून रात्रभर ठेवा, चुना तळाशी बसतो, वरचं निवळ वापरा. कॅल्शियम पुरेसं असेल तरच हे जमतं, नसेल तर आधी थोडं जिप्सम घाला. दुसरा उपाय 'झाउअरमाल्त्स', म्हणजे लॅक्टिक आम्ल असलेलं आंबट माल्ट. एकूण माल्टच्या १ टक्का घातलं की पीएच सुमारे ०.१ ने उतरतो. ५ किलो माल्टमध्ये १५० ग्रॅम म्हणजे ०.३. पाच-सहा टक्क्यांच्या पुढे गेलात तर आंबटपणा जिभेला कळायला लागतो. जर्मन ब्रुअरी हेच वापरतात, कारण तिथल्या कायद्यानुसार मॅशमध्ये बाहेरचं आम्ल घालता येत नाही, माल्ट चालतं.

राइनकाठ

माल्टमंथन, उत्तम प्रतिसाद. पण पाण्याने कोलोन-ड्युसेलडॉर्फचं कोडं सुटत नाही. तिथे कारण यीस्टचं आणि नियमांचं.

बव्हेरियात १५५३ पासून उन्हाळ्यात बिअर करायला बंदी होती. २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल एवढाच हंगाम. थंडीत आंबवायचं म्हटलं की थंडीत काम करणारं, तळाशी बसणारं लागर यीस्टच टिकणार. ऱ्हाइनच्या खोऱ्यात हिवाळा सौम्य, तिथे वर तरंगणारं यीस्ट चालायचं. कोलोनच्या नगरसभेने तर १६०३ मध्ये तळाशी आंबणाऱ्या बिअरला बंदीच केली. पुढे १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडं यांचं शीतयंत्र आलं आणि लागर कुठेही, कधीही करता येऊ लागली. बहुतेक प्रांतांनी जुनी बिअर सोडली. या दोन शहरांनी यंत्र घेतलं, पण यीस्ट जुनंच ठेवलं.

क्योल्श: जवळपास पूर्ण फिकट माल्ट, ११ ते १२ प्लाटो, १४ ते १८ अंशांना आंबवायची, मग शून्याच्या जवळ चार ते सहा आठवडे मुरवायची. अल्कोहोल ४.८ टक्के. १९८६ मध्ये कोलोन परिसरातल्या २४ ब्रुअरींनी करार केला की क्योल्श फिकट, गाळलेली आणि वर आंबलेलीच असेल. १९९७ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण आहे. इतर देशांतल्या ब्रुअरी 'क्योल्शसारखी' म्हणून जे विकतात त्यात बहुधा हॉप्स जास्त आणि मुरवण कमी. सफरचंदासारखा वास फार ठळक आला तर समजा मुरायला वेळ दिलेला नाही.

०.२ चा ग्लास लहान का, हे नेहमी विचारलं जातं. ब्रुअरीच्या खानावळीत क्योल्श लहान पिंपातून केवळ उताराने येते, मागून वायूचा दाब नसतो. बिअर निघते तेवढी हवा आत शिरते. म्हणून पिंप फोडलं की काही तासांत संपवायचं आणि ग्लासातलीही चटकन संपवायची. पाचेक मिनिटांत तिचा फेस आणि तजेला दोन्ही जातं. वाढपी (त्याला 'क्योबेस' म्हणतात) न विचारता नवा ग्लास ठेवतो आणि पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने रेघ मारतो. थांबायचं असेल तर चकती ग्लासावर ठेवायची. ती चकती म्हणजेच बिल, हरवू नका.

ड्युसेलडॉर्फची आल्ट: म्युनिक माल्ट, थोडं भाजलेलं माल्ट, श्पाल्ट भागातले हॉप्स. आल्टश्टाड्टमधल्या (जुन्या शहरातल्या) युरिगं, फ्युक्सशेन आणि श्ल्युसल या घरगुती खानावळी-ब्रुअरी, आणि बाहेर शुमाखर. यांत युरिगं सगळ्यांत कडू, ५० एककांच्या जवळ. म्हणजे वर ज्या येफरला कडू म्हटलंय तिच्याही पुढे. फक्त माल्टची जाड बैठक असल्याने ते कडूपण बोचत नाही. जानेवारी आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या मंगळवारी तिथे 'श्टिकं' नावाची जास्त तगडी आल्ट मिळते. तापमान ८ ते ९ अंश. फ्रिजमधून काढून लगेच प्यायलात तर फक्त कडू लागेल.

चौकस

राइनकाठ, मग दोन्हींत यीस्टचा फरक किती? डोळे मिटून ओळखता येतं?

राइनकाठ

यीस्ट जवळचंच आहे. दोन्ही गार मुरवल्याने फळांचा वास मंद असतो. ओळखायचं ते माल्टवरून. क्योल्शच्या शेवटी ताज्या ब्रेडचा गर, आल्टच्या शेवटी अक्रोड-बदामासारखा भाजका सुगंध आणि मागून रेंगाळणारा कडूपणा. क्योल्श आणि चांगली पिल्स यांत मात्र डोळे मिटून भलेभले चुकतात. तिथे कडवटपणा किती टिकतो ते बघा. पिल्सचा घोट गेल्यावर दहा-पंधरा सेकंद तो जिभेच्या मुळाशी राहतो, क्योल्शचा लवकर विरतो.

उत्तरवारा

सगळं पाणी, हवा आणि यीस्टवर टाकणं मला पटत नाही. डोर्टमुंड हे त्याचं उत्तर आहे. माल्टमंथनने दिलेल्या पाण्यावर तिथे एक्स्पोर्ट घडली: साडेबारा-तेरा प्लाटो, सव्वापाच टक्क्यांच्या आसपास, पिल्सहून भरीव आणि हेलेसहून कोरडी. कोळसा आणि पोलादाच्या पट्ट्यात हीच बिअर चालायची. पाणी आजही तेच आहे. तरी आता डोर्टमुंडमध्येही लोक पिल्सच पितात.

झालं असं की १९७० च्या सुमारास पिल्स ही 'चांगल्या घरातली' बिअर म्हणून विकली जाऊ लागली. देठाचा नाजूक ग्लास, सोनेरी कागद गुंडाळलेली मान, जास्त दर. एक्स्पोर्टवर कामगारांची स्वस्त बिअर हा शिक्का बसला. डोर्टमुंडच्या ब्रुअरींनी स्वतःच तिची किंमत पाडली आणि पिल्समध्ये उतरल्या, तोवर झाऊरलांडवाले पुढे निघून गेले होते. त्यात खाणी बंद पडत गेल्या. उनियोन ब्रुअरीची १९२७ ची उंच इमारत, डोक्यावर सोनेरी 'यू' असलेली, आता कलाकेंद्र आहे.

दुसरं कारण पुरवठ्याच्या कराराचं. पबचा मालक ब्रुअरीकडून कर्ज, नळ, टेबलं घेतो आणि बदल्यात तिचीच बिअर लावतो. गिऱ्हाइकाला जे मिळतं त्याचीच पुढे आवड होते. त्यामुळे 'या भागाला हेच आवडतं' म्हणताना नळ कोणाचा आहे तेही बघावं.

माल्टमंथन

उत्तरवारा, डोर्टमुंडबद्दल मान्य. पाणी एखादी बिअर शक्य करतं, तिला टिकवून धरत नाही.

रानजाई

आता फ्रांकन. माझ्या मते देशातला सगळ्यांत समृद्ध भाग हाच. ओबरफ्रांकनमध्ये लोकसंख्येच्या मानाने ब्रुअरींची घनता सर्वाधिक आहे. आउफझेस ही जेमतेम दीड हजार वस्तीची ग्रामपंचायत, तिथे चार ब्रुअरी.

बामबर्गची राउखबिअर म्हणजे धुराची बिअर. मोड आलेले ओले जव बीच लाकडाच्या आगीवर वाळवतात, धूर थेट दाण्यांतून जातो. पूर्वी सगळीकडेच असं चालायचं. अप्रत्यक्ष उष्णतेच्या भट्ट्या आल्यावर बाकीच्यांनी धूर सोडला. बामबर्गला श्लेंकेर्ला आणि श्पेत्सियाल या दोघांनी तो ठेवला आणि दोघांची स्वतःची माल्टभट्टी आहे. श्लेंकेर्लाची मेर्त्सन (थोडी तगडी लागर) ५.१ टक्के, १३.५ प्लाटो, धूर अगदी दाट. श्पेत्सियालची पुष्कळ मवाळ. नवख्याने श्पेत्सियालपासून सुरुवात करावी. श्लेंकेर्लाच्या पहिल्या घोटाला धुरावलेल्या मांसाचाच वास येतो, निम्मा ग्लास झाल्यावर नाक सरावतं आणि खालचं माल्ट दिसायला लागतं. म्हणून दोन घोटांवर निकाल देऊ नका.

घरी करताना: बीचच्या धुराचं माल्ट जुनं झालं की धूर उडतो. पिशवी उघडल्यावर वास दांडगा असेल तर ३० टक्केही पुरतं, मंद असेल तर ८०-९० टक्क्यांपर्यंत जावं लागतं. पीटच्या (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या इंधनाच्या) धुराचं माल्ट चुकूनही घेऊ नका. ते व्हिस्कीचं आहे, बिअरला औषधी वास येतो.

फ्रांकनच्या गावांतली रोजची बिअर मात्र धुराची नाही, तिथे केलरबिअर चालते. न गाळलेली, टाकीचं बूच सैल ठेवून मुरवलेली, त्यामुळे वायू कमी. मातीच्या मगात, अर्ध्या लिटरला 'झाइडला' म्हणतात. पिल्सची सवय असलेल्याला ती 'बसलेली' वाटते. तिचा स्वभावच तो, तक्रार करू नये. आणि ती प्रवासाला टिकत नाही, म्हणून तिथेच जाऊन प्यावी लागते.

शेजारच्या ओबरफाल्त्समध्ये त्सॉइगल आहे: विंडिशएशेनबाख, नॉइहाउस, फाल्केनबर्ग, मिटरटाइख, एस्लार्न. गावाचं सामायिक ब्रूघर, खाली लाकडाची आग. ज्याला हक्क आहे तो तिथे वर्ट करतो, ते टाकीत भरून घरच्या तळघरात नेतो आणि तिथे आंबवतो. तयार झाली की घरावर सहा टोकांची चांदणी टांगतो आणि बैठकीची खोली खुली करतो. कोणाकडे कधी, याचं वेळापत्रक आधी बघून जा, नाहीतर दार बंद मिळेल.

माल्टमंथन

वाइसबिअरचा उल्लेख अजून नाही. १५१६ च्या बव्हेरियन शुद्धता नियमात जव, हॉप्स आणि पाणी एवढंच होतं. गहू नव्हता. तरी गव्हाची बिअर टिकली, कारण तिचा हक्क आधी एका सरदार घराण्याकडे होता आणि १६०२ मध्ये तो राजघराण्याकडे आला. पुढे मागणी ओसरली आणि १८७२ मध्ये गेऑर्ग श्नाइडर यांनी ती करण्याचा परवाना मिळवला. आज किमान ५० टक्के गव्हाचं माल्ट लागतं.

लवंग आणि केळं हे दोन वास यीस्टचे, काही घातलेलं नसतं. लवंगेसाठी मॅश सुरुवातीला ४३ ते ४५ अंशांवर १०-१५ मिनिटं धरतात. केळ्यासाठी आंबवण्याचं तापमान २२ च्या वर नेतात आणि टाकी उथळ ठेवतात. उंच टाकीत तळाशी दाब वाढतो आणि केळं दबतं.

ओतताना सगळ्यांत जास्त घोळ होतात. बाटली ७-८ अंशांवर, उभी ठेवलेली. उंच ग्लास गार पाण्याने विसळा, कोरड्या ग्लासात फेस उसळून बाहेर जातो. ग्लास जवळपास आडवा धरून कडेने सावकाश ओता, हळूहळू उभा करत जा. तळाशी दोन-तीन सेंटिमीटर बिअर राहिली की थांबा, बाटली गोल फिरवून गाळ उठवा आणि तो वर ओता. लिंबाची फोड नको. सालीतलं तेल फेस मारतं आणि आम्ल लवंगेवर कुरघोडी करतं.

पूर्ववाट

पूर्वेकडचं लिहितो. सॅक्सनी, सॅक्सनी-अनहाल्ट आणि थुरिंगियात आज पिल्सच जास्त. ड्रेस्डेनजवळची राडेबर्गर, हार्त्सची हासेर्योडर, फोग्टलांडची वेर्नेसग्र्युनर. पण बाड क्योस्ट्रित्सची श्वार्त्सबिअर ही या भागाची खूण. काळी, तरी फक्त ४.८ टक्के आणि अंगाने हलकी. काळी म्हणजे जड असं समजून लोक टाळतात, ते चुकीचं. भाजलेलं माल्ट काही टक्केच असतं. करताना ते मॅशच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत घातलं तर जळका तुरटपणा उतरत नाही.

लाइपझिगची गोझं मूळ गोस्लारची. गहू, धने, मीठ आणि लॅक्टिक आंबटपणा. धने-मीठ सामान्य नियमात बसत नाही, म्हणून 'विशेष बिअर' म्हणून परवानगी लागते, जी बव्हेरिया देत नाही. घरी करायची तर वर्ट अजिबात हॉप्स न घालता ४० अंशांच्या थोडं वर धरायचा, लॅक्टोबॅसिलस (लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू) घालून २४ ते ४८ तास, पीएच ३.३-३.५ येईपर्यंत. मग उकळायचा, तेव्हा लिटरला साधारण १ ग्रॅम ताजे कुटलेले धने आणि दीड ग्रॅम मीठ. आयोडीनयुक्त मीठ नको. ३ ग्रॅमच्या पुढे ती खारं पाणी लागते. दोन हमखास चुका: आधी हॉप्स घालणं (त्यांतली आम्लं जिवाणूंना थोपवतात, पीएच हलतच नाही) आणि भांडं उघडं ठेवणं (हवा लागली की नासक्या चीजचा वास धरतो).

बर्लिनर वाइसं ३ टक्क्यांच्या आसपासची, शांकबिअर वर्गातली. पसरट ग्लासात आधी २ सेंटिलिटर सरबत, रासबेरीचं लाल किंवा वाल्डमाइस्टर या वनस्पतीचं हिरवं, मग बिअर. जुन्या पद्धतीच्या बाटलीत ब्रेटानोमायसिस यीस्ट असतं आणि ती वर्षानुवर्षं मुरते. अशी बाटली मिळाली तर तिच्यात सरबत घालू नये, असं मला मनापासून वाटतं.

चौकस

बाटल्या घेऊन येणाऱ्यांनी काय सांभाळावं? आणि नैर्ऋत्य भाग राहिलाच.

रानजाई

नैर्ऋत्य थोडक्यात. फाल्त्स, ऱ्हाइनहेसन, नेकारचं खोरं म्हणजे वाइनचे भाग. फ्रांकफुर्टला सफरचंदाची वाइन. तिथे बिअर दुय्यम आहे. अपवाद श्वार्त्सवाल्डची रोटहाउस, १७९१ ची, पूर्णपणे राज्य सरकारच्या मालकीची. तिची ०.३३ लिटरची 'टानेनत्सेप्फले' बाडेनमध्ये सगळीकडे. आयफेलची बिटबुर्गर पिल्स बुटक्या ०.३३ च्या बाटलीत.

फेसाळ

बाटल्यांबद्दल. उजेड हा पहिला शत्रू. हॉप्समधली आम्लं उजेडाने फुटून उग्र, कुबट वास येतो, आणि हिरव्या काचेत उन्हात काही मिनिटांतच. तपकिरी काच बरीच वाचवते. बाटली उभी, अंधारात, गारव्यात. हेलेस, क्योल्श, केलरबिअर जितक्या ताज्या तितक्या बऱ्या. ओल्या पुठ्ठ्यासारखी चव आली तर हवा लागून शिळी झालेली. डोपेलबॉक आणि राउखबॉक वर्ष-दोन वर्षं ठेवता येतात.

आवडींचा नकाशा हलतोय हेही नोंदवतो. १९७६ मध्ये पश्चिम जर्मनीत माणशी दीडशे लिटरच्या वर खप होता, आज देशात तो ९० च्या खाली आहे. पिल्स अजून पहिली, पण घसरते आहे. हेलेस गेल्या दशकभरात उत्तरेतल्या दुकानांतही ठामपणे बसली आहे आणि अल्कोहोलमुक्त बिअर वाढते आहे.

कोणाला हे सगळं एकत्र चाखून बघायचं असेल तर क्रम असा ठेवा: हेलेस, क्योल्श, पिल्स, आल्ट, श्वार्त्सबिअर, वाइसबिअर, गोझं, राउखबिअर. प्रत्येकी १०० मिलिलिटर, सगळ्यांना एकाच आकाराचे पातळ ग्लास. पहिल्या तीन ७ अंशांवर, आल्टपासून पुढच्या ९ अंशांवर, म्हणजे फ्रिजमधून पंधरा-वीस मिनिटं आधी काढलेल्या. मध्ये साधं पाणी आणि बिनमिठाचा ब्रेड. गोझं आधी घेतली तर आंबटामुळे पुढचं माल्ट पोकळ लागतं, आणि राउखबिअर आधी घेतली तर त्यानंतर दुसरं काहीच कळत नाही.